डोळ्यांत तेल घालून

फोन सकाळी साडेनऊला आला. लेखकांचा आवाज अगदी शांत होता आणि त्यानेच मला धडकी भरली. "ताई, पान चौऱ्याऐंशी बघता का जरा?"

ते त्यांचं आत्मचरित्र. त्याची प्रुफं मी वाचलेली, तीही तीनदा. पान ८४ वर वाक्य असायला हवं होतं, 'नोकरीच्या गावी असताना आईची चिंता सतत मनात असायची.' छापून आलं होतं, 'आईची चिता सतत मनात असायची.'

"माझी आई आहे हो अजून," ते म्हणाले. "पहिली प्रत तिच्याच हातात द्यायची होती."

मी एकोणीस वर्षं मुद्रितशोधन करते. एका टिंबाने काय अनर्थ होतो ते सांगताना नव्या मुलींना मी हेच दोन शब्द लिहून दाखवायचे. त्या दिवशी मी लेखकांची माफी मागितली, प्रकाशकांनी तो फर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा गठ्ठा, पुन्हा छापून घेतला आणि मी दुपारभर ती पीडीएफ उघडून बसले. चूक तिथे होतीच. शेवटचं वाचन मी रात्री दहानंतर केलं होतं आणि त्या वेळी मला काय दिसत होतं ते आठवायचा प्रयत्न केला. शिरोरेघेच्या वर सगळीकडेच धूसर ठिपके असल्यासारखं दिसत होतं. त्यामुळे जिथे टिंब नव्हतं तिथे ते नाही, हे मला कळलंच नाही.

आठ-नऊ महिने डोळे सांगत होते, मी ऐकत नव्हते. दुपारी तीनच्या सुमाराला चुरचुर सुरू व्हायची. मग पापणीखाली वाळूचा कण अडकल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी 'घ' आणि 'ध' वेगळे करायला डोळे बारीक करावे लागायचे. पापणी मिटून उघडली की अक्षर लख्ख दिसायचं आणि दोन-तीन शब्द वाचून होईपर्यंत पुन्हा पुसट व्हायचं. मला वाटलं, नंबर वाढला. वर्षात दोनदा काचा बदलल्या. तेव्हा हे माहीत असतं तर बरं झालं असतं: नंबर वाढल्यावर दिसणारा पुसटपणा असा पापणीगणिक येत-जात नाही. मिटल्यावर क्षणभर स्वच्छ आणि मग पुन्हा धूसर, असं होत असेल तर गडबड बहुतेक वेळा भिंगात नसते, डोळ्यावरच्या पाण्याच्या थरात असते.

त्या फोननंतर दोन दिवसांनी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. तपासायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कोरडे पडलेत बहुतेक." मला ते पटेना. माझ्या डोळ्यांतून तर दिवसभर पाणी यायचं, रुमाल जवळ ठेवूनच काम करायचे मी. त्या म्हणाल्या, "येणारच. डोळा कोरडा पडला की टोचतो, टोचला की मेंदू एकदम पाणी सोडतो. पण ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं. तुमच्या डोळ्याला पाणी हवंय ते थराचं, धारेचं नाही."

मग त्यांनी दोन तपासण्या केल्या. त्या सविस्तर सांगते, कारण मला माझा आजार कळला तो तिथेच.

पहिली अगदी साधी. टीपकागदासारखी एक बारीक पट्टी, एक टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवायची आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. दहाच्या वर असेल तर पाणी पुरेसं, पाचच्या खाली असेल तर खूपच कमी. माझी चौदा भिजली होती. म्हणजे पाणी होतं.

दुसऱ्या तपासणीत पापणीच्या आत रंगाची एक पट्टी टेकवली, हनुवटी टेकूवर, कपाळ पट्ट्याला आणि समोरून निळा प्रकाश. "एकदा मिटा, उघडा आणि आता अजिबात लववू नका." त्या मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार. "फुटला." यंत्राला कॅमेरा होता, मला नंतर पडद्यावर दाखवलं. बुबुळावर हिरवा चकचकीत थर पसरलेला. चौथ्या सेकंदाला त्यात खालच्या बाजूला एक काळा ठिपका उमटला, शेजारी दुसरा, मग दोन्ही एकमेकांना मिळाले आणि त्यांचा ओरखडा झाला. ऊन लागल्यावर ओल्या फरशीवर कोरडे डाग उमटतात ना, अगदी तसं. हा थर निदान दहा सेकंद तरी टिकायला हवा. माझा चारमध्ये फाटत होता आणि मी एकेक ओळ आठ-आठ, दहा-दहा सेकंद टक लावून वाचत होते. म्हणजे अर्धा वेळ मी फाटलेल्या थरातून वाचत होते.

पाणी होतं तर थर का टिकत नव्हता? डॉक्टरांनी काचेच्या बारीक दांडीने माझ्या खालच्या पापणीची कड हलकेच दाबली आणि म्हणाल्या, "तेल घट्ट झालंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण डोळ्यात खरंच तेल असतं. पापण्यांच्या कडेला, केसांच्या रांगेच्या आतल्या बाजूला, तेलाच्या बारीक ग्रंथींची ओळ असते. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आपण पूर्ण पापणी मिटतो तेव्हा दोन्ही कडा एकमेकींवर टेकतात, ग्रंथींवर दाब येतो आणि थेंबभर तेल बाहेर येऊन पाण्यावर तरंगतं. सगळा थर मिळून केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाइतकाही नसतो आणि त्यातला सगळ्यात वरचा पापुद्रा या तेलाचा. तोच पाण्याला उडू देत नाही. पापणी मिटलीच नाही किंवा अर्धवट मिटली तर तेल आतच राहतं, घट्ट होतं. निरोगी पापणीतून ते स्वच्छ, पातळ येतं. माझ्या पापणीतून टूथपेस्टसारखं पांढरट आलं.

डोळ्यांत तेल घालून वाचा, हे वाक्य मी किती वेळा ऐकलं आणि ऐकवलं असेल. आमच्या कामाची ती शाबासकीही आणि ताकीदही. आणि टिंब सुटू नये म्हणून पापणी न लववता बघत राहण्याच्या सवयीने मी डोळ्यांतलं खरं तेल बंद करून ठेवलं होतं.

घरी येऊन लेकीला सांगितलं, मी वाचत बसते, तू बाजूला बसून माझ्या पापण्या मोज. मोजतेय हे कळलं की आपण जास्त लववतो, म्हणून तिने कधी मोजायचं ते मला सांगितलं नाही. दोन दिवसांनी कागद दिला. बोलत असताना मिनिटाला एकोणीस. पीडीएफ वाचताना एकदा पाच, एकदा तीन. आणि तिने आणखी एक केलं, जे मला सुचलंही नसतं. मोबाइलवर संथ गतीने माझ्या डोळ्यांचं चित्रण केलं. त्यात दिसतं, वरची पापणी खाली येते, बाहुलीच्या मध्यापर्यंत पोचते आणि तिथूनच परत फिरते. खालच्या पापणीला टेकतच नाही. मिनिटाला पाच, त्यातल्याही तीन अशा अर्ध्या. हिरव्या थरात काळे डाग नेमके खालच्या बाजूला का उमटत होते, ते तेव्हा उमगलं. तिथवर पापणी पोचतच नव्हती.

हे माझ्या एकटीचं नाही. १९९३ मध्ये जपानमधल्या दोन संशोधकांनी कार्यालयात काम करणाऱ्या लोकांच्या पापण्यांची उघडझाप मोजून ठेवली आहे. निवांत असताना मिनिटाला सरासरी २२, टेबलावर पुस्तक वाचताना १०, संगणकापुढे ७. यातला मधला आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण मी आधी कागदावर काम करायचे आणि तेव्हा डोळ्यांची तक्रार कधी नव्हती. कागदावरही आपण कमीच लववतो. पण कागद टेबलावर असतो, नजर खाली असते आणि वरची पापणी आपोआप अर्ध्या डोळ्यावर येते. त्याच मोजणीत पुस्तक वाचताना डोळ्याचा उघडा भाग संगणकाच्या तुलनेत साधारण निम्माच निघाला होता. मी काय केलं होतं? मानेसाठी चांगलं म्हणून लॅपटॉप स्टँडवर चढवून अगदी डोळ्यांच्या रेषेत आणला होता, टेबलफॅन तोंडावर ठेवला होता आणि दिवसाचे आठ तास डोळे पूर्ण उघडे ठेवून त्या वाऱ्यात बसत होते.

कागदाची अजून एक गोष्ट. पान उलटावं लागायचं, पेन्सिलीला टोक करावं लागायचं, कोश काढायला कपाटापर्यंत जावं लागायचं. त्या प्रत्येक वेळी नजर उठायची. आता कोश त्याच स्क्रीनवर, पान बोटाने सरकतं, खूण माउसने होते. दीड दीड तास नजर एकाच अंतरावर रुतून बसते. जवळ बघताना डोळ्यातला स्नायू आकसून भिंग फुगवून धरतो, लांब बघितलं की तो सैल पडतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा, हा नियम बहुतेकांच्या कानांवर आहे. वीस मिनिटं आणि वीस सेकंद हे आकडे लक्षात राहावेत म्हणून आहेत, त्यांत काही मंत्र नाही. कल्पना मात्र फार जुनी. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये बारीक काम करणाऱ्या कारागिरांना सांगितलं होतं की, नजर सारखी कामावर खिळवू नका, मधूनमधून दुसरीकडे वळवा. वीस फूट म्हणजे सहा मीटर, इतकी लांब माझी खोली नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहते. उठून जाण्याने पाठही सुटते.

आता मी काय बदललं ते सांगते. स्टँड काढला. स्क्रीनची वरची कड आता डोळ्यांच्या जरा खाली आहे आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. पंखा पायांकडे वळवला. अक्षर दीडपट मोठं केलं. खिडकी पाठीमागे होती, तिची तिरीप स्क्रीनवर पडायची, म्हणून टेबल वळवून खिडकी बाजूला घेतली.

चष्म्याचं प्रकरण जरा मोठं आहे. मी सेहेचाळीस वर्षांची, चाळिशी लागलेली, त्यामुळे प्रोग्रेसिव्ह काचा. त्यात वरून लांबचं, तळाशी जवळचं आणि मधला स्क्रीनच्या अंतराचा भाग अरुंद पट्टीएवढा. त्या पट्टीत अक्षर आणायला मी नकळत हनुवटी वर करत होते. मान त्यामुळे दुखायची, आणि हनुवटी वर गेली की डोळे अजून उघडतात, हे तर मला चित्रणातच दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "स्क्रीन किती सेंटीमीटरवर असतो?" मला सांगता येईना. घरी फूटपट्टी लावून मोजलं, पासष्ट. जवळचा नंबर चाळीस सेंटीमीटरसाठी काढलेला होता. मग पासष्टसाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. तो घालून चालता येत नाही, लांबचं धूसर दिसतं, पण स्क्रीनचा पूर्ण चौकोन मान न हलवता दिसतो. चाळिशीपुढच्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की नंबर काढायला जाताना आपलं अंतर मोजून न्या. तपासणाऱ्याला ते आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं?

आणि शेक. रात्री झोपण्यापूर्वी कोमट नव्हे, सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडकं पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचं. घट्ट झालेलं तेल वितळायला चाळीस अंशांच्या आसपास उष्णता आणि पाच ते दहा मिनिटं लागतात, पण फडकं दीड-दोन मिनिटांत निवतं. पहिले पंधरा दिवस मी एकदाच ठेवून झोपत होते आणि काही फरक पडत नव्हता. आता वाडगा शेजारी ठेवून चार-पाच वेळा बुडवते. मग बोटाने हलकेच, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने. जोर द्यायचा नाही. फरक दिसायला दीड महिना लागला आणि त्या दीड महिन्यात दोनदा मला हे सगळं सोडून द्यावंसं वाटलं.

थेंबांबद्दल डॉक्टरांनी बजावलं ते इथे लिहायलाच हवं. डोळ्याला ओलावा देणारे थेंब वेगळे आणि लाली घालवणारे वेगळे. लाली घालवणारे रक्तवाहिन्या आकसवतात. डोळा तासाभरासाठी पांढराशुभ्र दिसतो आणि औषध उतरलं की आधीपेक्षा लाल होतो. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ओलाव्याचे थेंब घालायचे असतील तर टिकवण्याचं रसायन नसलेले घ्यायचे, कारण ते रसायनच पुढे डोळ्याला त्रास देतं. आणि घरातल्या कुणाला पूर्वी दिलेली स्टेरॉइडच्या थेंबांची उरलेली बाटली तर कधीच वापरायची नाही. त्याने आराम पडतो, म्हणूनच ते धोक्याचं. डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि तो दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही.

पापणीची सवय लावणं सर्वांत अवघड गेलं. गजर लावून पाहिला, तो वाजला की वाक्य तुटायचं आणि चूक सुटायची भीती. शेवटी कामातलंच चिन्ह धरलं. पूर्णविराम आला की पूर्ण पापणी: मिटायची, दोन्ही कडा टेकल्याचं जाणवू द्यायचं, मग उघडायची. वाक्य संपलेलंच असतं, त्यामुळे काही सुटत नाही. लांबलचक वाक्यं लिहिणाऱ्या लेखकांच्या बाबतीत अर्धविरामावरही.

निळ्या प्रकाशाबद्दल थोडक्यात. दोनदा काचा बदलल्या तेव्हा स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे थकतात असं सांगून दोन्ही वेळा तो अडवणारा लेप मला आग्रहाने घ्यायला लावला होता. त्याने काही झालं नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा काचांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही. ढगाळ दिवशीही आकाशातून डोळ्यात येणारा निळा प्रकाश स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त असतो. स्क्रीनने डोळ्याचा पडदा जळत नाही, मोतीबिंदू होत नाही. रात्रीच्या उजेडाने झोप उशिरा लागते हे खरं, पण त्यावर उपाय काच नाही, स्क्रीन लवकर मिटणं हा आहे.

लहान मुलांचं मात्र वेगळं आणि तिथे मी जास्त घाबरते. माझ्या डोळ्यांना जे झालं ते परतवता येतं. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचा उणे नंबर वर्षात पाऊण वाढला, तो उतरत नाही, कारण मुलाच्या वाढत्या वयात डोळ्याचा गोळाच मागे लांब होत जातो आणि लांबलेला गोळा परत आखूड होत नाही. दादाने टॅबलेट काढून घेतला आणि त्याच्या हातात पुस्तकं दिली. मी त्याला म्हटलं, पुस्तकही तितकंच जवळ धरतो ना रे तो? त्याला बाहेर सोड. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर नेण्याची मोहीम चालवली आणि तिथे मुलांची नजर बिघडण्याचा वर्षानुवर्षं चढत गेलेला आलेख खाली वळला. भर उजेडातल्या खोलीत काही शे लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि गोळ्याचं लांबणं मंदावतं, असं मानतात. खेळायचंच असं नाही, नुसतं बाहेर असणं पुरतं. भाचा आता संध्याकाळी अंधार पडेपर्यंत सायकलवर असतो.

आणि एक, हे वाचून कुणी घरच्या घरी शेक घेत बसू नये म्हणून. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं दिसलं, अचानक काळे ठिपके वाढले, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं झालं, डोळा खूप दुखून नजर कमी झाली, तर तो कोरडेपणा नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. निळा प्रकाश, हिरवा थर, मोजणी. या वेळी त्या आठपर्यंत गेल्या.

प्रकाशकांशी बोलून मी एक गोष्ट ठरवून घेतली: पहिली दोन वाचनं स्क्रीनवर, शेवटचं कागदावर, आणि तेही सकाळी. छपाईचे कागद पाठवायचा खर्च त्यांनी एका शब्दानेही न कुरकुरता मान्य केला. त्या लेखकांच्या पुस्तकाची आता दुसरी आवृत्ती निघते आहे आणि त्यांनी तिची प्रुफं माझ्याकडेच द्यायला सांगितली. काल गठ्ठा आला. आज सकाळी खिडकीशी बसून मी आधी पान ८४ काढलं. टिंब जागेवर आहे. मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पान ३१ वर 'त्यानी' आहे, 'त्यांनी' हवं. पहिल्या आवृत्तीत तेही सुटलं होतं.